संगणकाचा ताप

आमच्या शाळेला काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाने वापरून झालेले सहा लॅपटॉप दिले. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी मार्चच्या सुमारास त्यांतले चार मध्येच बंद पडू लागले. बंद पडण्याची तऱ्हा ठरलेली. पंखा जोरात घरघरू लागे, तळ हाताला चटका बसण्याइतका तापे, यंत्र संथ होई आणि वीस-पंचवीस मिनिटांत पडदा एकदम काळा. अर्ध्या तासाने पुन्हा चालू केले, की जणू काही घडलेच नाही. तपासायला आलेल्या गृहस्थांनी ‘मदरबोर्ड गेला’ असे सांगून टाकले आणि निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला. त्यावर सही व्हायची होती, तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, “सर, गेलेला बोर्ड अर्ध्या तासाने परत कसा येतो?”

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधताना मला जवळजवळ ऐंशी वर्षे मागे जावे लागले.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. विजेचा पंप पाणी गच्चीवर चढवतो, तेव्हा विजेतला काही भाग पाण्याच्या स्थितिज ऊर्जेच्या रूपाने टाकीत साठतो. संगणक गणिते करतो, पण त्याचे उत्तर ऊर्जा म्हणून कोठे साठून राहत नाही. पडद्यातून बाहेर पडणारा थोडाफार प्रकाश सोडला, तर आत गेलेली जवळजवळ सारी वीज तेथेच उष्णता होते. म्हणजे चाळीस वॅट वीज घेणारा लॅपटॉप ही खरे तर चाळीस वॅटची छोटी शेगडीच असते. फेब्रुवारी १९४६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ‘एनिॲक’ हा संगणक जगापुढे आला. त्याची शेगडी होती सुमारे दीडशे किलोवॅटची!

एनिॲकमध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या. जुन्या रेडिओत पिवळसर उजेड देणारे व्हॉल्व्ह ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या वेगळ्या सांगायला नकोत. व्हॉल्व्हमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडावेत म्हणून आतली तार तापवावीच लागते. तेव्हा गणित सुरू होण्याआधीच उष्णता सुरू. यंत्राचे प्रमुख अभियंता प्रेस्पर एकर्ट यांनी हवा खेळवण्यासाठी मोठे पंखे बसवलेच, शिवाय यंत्राच्या कपाटांत तापमान पाहणारी बटणेही ठेवली. तापमान ४६ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले, की ती वीज तोडत. म्हणजे तापल्यावर आपणहून बंद होण्याची ही सोय लॅपटॉपची नव्हेच; ती संगणकाच्या पहिल्या पिढीपासून आहे. दुसरी शिकवण व्हॉल्व्हनीच दिली. ते चालू असताना फारसे जळत नसत, थंड यंत्र चालू करताना आणि गरम यंत्र बंद करताना अधिक जळत. प्रसरण-आकुंचनाचा हा फेरा टाळण्यासाठी एनिॲक शक्यतो अखंड चालू ठेवू लागले. न बिघडता चालण्याचा त्याचा विक्रम १९५४ सालचा, ११६ तासांचा आहे.

आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला संगणकही व्हॉल्व्हचाच होता. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

१९४७ साली बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला होता. त्यात तापवायची तारच नाही. उष्णतेची कटकट आता संपली असे कोणालाही वाटावे. पण झाले उलटेच. एकेक ट्रान्झिस्टर थोडी उष्णता देई, म्हणून लोकांनी ते दाटीवाटीने बसवायला सुरुवात केली. सेमूर क्रे यांचा ‘क्रे-१’ हा महासंगणक १९७६ साली लॉस ॲलामॉस येथे गेला. तो सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई, आणि त्याच्या उभ्या खांबांतून शीतकपाटात असतो तसा फ्रिऑन वायू द्रवरूपात खेळवावा लागे. १९८५ च्या ‘क्रे-२’ मध्ये त्यांनी आणखी पुढची मजल मारली. वीज न वाहणाऱ्या एका रासायनिक द्रवात त्यांनी सगळे मंडलच बुडवून ठेवले. संगणकशास्त्रज्ञाचा अर्धा वेळ नळजोडणीत जात होता, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

घराघरांत पोहोचलेला सूक्ष्म संगणक मात्र वेगळ्या वाटेने आला. १९६३ साली फ्रँक वॅनलास यांनी ‘सीमॉस’ नावाची मंडलरचना पुढे आणली. तिच्यात ट्रान्झिस्टरांच्या जोड्या असतात आणि स्थिती बदलतानाच काय ती वीज लागते. १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की ट्रान्झिस्टर लहान करताना त्याचा व्होल्टेजही त्याच प्रमाणात कमी केला, तर दर चौरस सेंटिमीटरला निघणारी उष्णता वाढत नाही. पुढची जवळजवळ तीस वर्षे संगणक उद्योग या एका हिशेबावर जगला.

हिशेब कोठे फसला? ट्रान्झिस्टर फार लहान झाले, तेव्हा बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. व्होल्टेज आणखी कमी केला की ही गळती वाढते, म्हणून तो कमी करणे थांबले. शिवाय तापमान वाढले की गळती वाढते आणि गळती वाढली की तापमान वाढते, असे दुष्टचक्र. फेब्रुवारी २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका परिषदेत इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी इशारा दिला, की हाच क्रम चालू राहिला तर प्रोसेसरची चकती उष्णतेच्या घनतेत आधी अणुभट्टीला, मग अग्निबाणाच्या नळकांड्याला आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाला गाठेल.

अतिशयोक्ती वाटते? वर्गात फळ्यावर हिशेब मांडून पाहा. हजार वॅटची इस्त्री, तळ अंदाजे दोनशे चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला पाच वॅट. इंटेलच्या २००४ सालच्या पेंटियम-४ प्रोसेसरची चकती १.१२ चौरस सेंटिमीटरची होती आणि ती शंभर वॅटच्या वर उष्णता देई. म्हणजे इस्त्रीच्या जवळजवळ अठरापट! त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने पुढच्या दोन प्रोसेसरांचे काम सोडून दिले. त्यांतल्या एकाचे नाव होते ‘तेजस’. (नाव ठेवणाऱ्यांना मराठी येत नसावे, पण नाव चपखल होते.) त्यानंतर एकाच प्रोसेसरचा वेग वाढवण्याचा नाद सोडून एका चकतीवर दोन, चार, आठ प्रोसेसर बसवण्याकडे सगळे वळले.

आता लॅपटॉपकडे येऊ. १९८२ साली आलेल्या ‘ग्रिड कंपास’ या घडीच्या संगणकाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे होते, आणि उष्णता बाहेर सोडण्याचे काम ते कवचच करी. हा संगणक अंतराळयानात न्यायचे ठरले, तेव्हा अमेरिकी अंतराळ संस्थेला त्यात पंखा बसवावा लागला. का बरे? हा प्रश्न अभिसरणाच्या पाठानंतर मुलांना जरूर विचारा. गरम हवा वर जाते ती थंड, जड हवा खाली येते म्हणून. जेथे वजनच जाणवत नाही, तेथे वर-खाली कोठले? गरम हवा यंत्राभोवती तशीच लपेटून राहते.

पुढे पृथ्वीवरच्या लॅपटॉपनाही पंखा लागला आणि जोडीला उष्णतानलिका आली. ही तांब्याची चपटी, बंद नळी. आत निर्वात करून थोडेसे पाणी घातलेले असते आणि आतल्या भिंतीला सच्छिद्र अस्तर. दाब कमी असल्याने पाणी प्रोसेसरजवळच्या टोकाला कमी तापमानातच उकळते, वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन अप्रकट उष्मा सोडते आणि पाणी होऊन, दिव्याच्या वातीत तेल चढते तसे अस्तरातून परत येते. जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली ही नळी लॉस ॲलामॉसलाच करून पाहिली होती.

नळीचे दुसरे टोक पातळ पट्ट्यांच्या जाळीत असते आणि पंखा त्या जाळीतून हवा बाहेर फेकतो. आमच्या यंत्रांचे दुखणे नेमके तेथेच होते. झाकण उघडले, तेव्हा पंखा आणि जाळी यांच्यामध्ये धुळीचा चक्क नमद्यासारखा थर बसलेला होता. प्रोसेसर आणि तांबे यांच्यामधला उष्णतावाहक लेप वाळून खडूसारखा झाला होता. मुलीच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. पेंटियम प्रो पासून, म्हणजे १९९५ पासून, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये धोक्याच्या तापमानाला काम थांबवण्याची सोय आहे. २००० सालच्या पेंटियम-४ पासून तो त्याआधीच स्वतःचा वेगही कमी करतो. म्हणून यंत्र आधी संथ, मग बंद. बोर्ड गेलेला नव्हताच, तो स्वतःला वाचवत होता.

साफसफाईचा एक दिवस ठरवला. चार्जर व बॅटरी काढली. (बॅटरी फुगलेली दिसली, तर तिला हात न लावता जाणकाराकडेच द्यावे.) पंख्याची पाती बोटाने धरून, ब्रश आणि हातपंपाने जाळीतली धूळ उलट्या दिशेने काढली. पाती मोकळी सोडून फुंकले, तर पंखा भन्नाट फिरून त्याचा आस खराब होतो. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढा नवा लावला. सतरंजीवर मांडून काम करायची सवयही मोडली, कारण हवा आत घेण्याच्या फटी तळालाच असतात. चौथ्या दिवशी त्यांतले तीन लॅपटॉप सलग तीन तास चालले.

चौथ्याच्या पंख्याचा आस झिजला आहे. नवा पंखा मागवला आहे. तोवर तो तळाचे झाकण काढून, दोन पुस्तकांवर ठेवून, टेबलफॅनसमोर चालतो.