कॉटन ग्रीन

मुंबईच्या हार्बर मार्गावर रे रोड आणि शिवडी यांच्या मधले छोटे स्थानक म्हणजे कॉटन ग्रीन. नावातल्या ‘ग्रीन’चा कापसाच्या रंगाशी संबंध नाही. इंग्रजीत गावातल्या सार्वजनिक हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात. मुंबईच्या कोटात, आजच्या हॉर्निमन सर्कलच्या जागी, असे एक मैदान होते आणि तिथे कापसाच्या गाठी रचून सौदे होत. गाठींचा ढीग वाढला, आगीची भीती वाढली. १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला गेला. हिरवळ मागे राहिली, नाव बाजाराबरोबर गेले!

पुढे पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडीच्या किनाऱ्यावर भराव घालून नवी जमीन तयार केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कापूसबाजार तिथे आला. गोदामे, कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि स्थानकाचे नाव ही त्या स्थलांतराचीच देणगी. ‘कॉटन’ हा शब्दही फिरस्ताच: मूळ अरबी ‘कुत्न’, युरोपीय भाषांमार्गे तो इंग्रजीत पोचला. मराठी ‘कापूस’ मात्र संस्कृत ‘कर्पास’, ‘कार्पास’ या शब्दांच्या कुळातला.