छत्तीस स्लाइड्स, एक डीव्हीडी

स्लाइड म्हणजे पॉवरपॉइंटमधली नव्हे. तिथे हा शब्द जिच्यावरून आला ती वस्तू: पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या 50 मिलिमीटर चौरस चौकटीत बसवलेला, 36 बाय 24 मिलिमीटरचा फिल्मचा तुकडा. ही निगेटिव्ह नव्हे. कॅमेऱ्यात जी फिल्म होती तीच रंगीत होऊन धुऊन परत यायची. म्हणजे फोटो एकच. तो बुरसला की गेला.

अंधारात बसून पडद्यावर चित्रं बघायची हौस आपल्याकडे सिनेमापेक्षा जुनी आहे. मुंबईत सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला 7 जुलै 1896ला. त्याच्या काही वर्षं आधीच कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर हातानं रंगवलेल्या चित्रांचे खेळ करत होते. नाव काय झकास, ‘शांबरिक खरोलिका’! पुढे 1936 साली 35 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात घालता येणारी कोडाक्रोम आली आणि घरातल्या माणसांनाही हा खेळ जमू लागला.

माझा मामा त्यांतलाच एक. रत्नागिरीच्या घरी त्याच्या दोनेकशे स्लाइड्स बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहेत. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्यांपासून केलेला. बुरशीला पंगतच. बुरशी लागलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, म्हणून ओलं फडकं अजिबात लावायचं नाही. हवेचा फुगा आणि मऊ ब्रश, बस्स. अंधारात राहिलेल्या कोडाक्रोमचे रंग अजून ताजे आहेत. दुसऱ्या काही फिल्म्स मात्र गुलाबी पडल्यात. समुद्र गुलाबी, माडही गुलाबी.

यांतल्या बऱ्याच स्लाइड्स बोटीच्या आहेत. आता ‘बोट’ म्हटलं की मांडवीची फेरी आठवेल, पण तेव्हा मुंबईहून कोकण किनाऱ्यानं गोव्याकडे प्रवासी आगबोटी जात. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली 1998मध्ये. त्याआधी किती घरांचं मे महिन्याचं येणं-जाणं या बोटींवर होतं! बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं पडावातून किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात सगळं बंद.

स्कॅन करताना स्लाइड उलटी लागली तर चित्र आरशातल्यासारखं येतं. फिल्मची मंद, खरबरीत बाजू कुठली ते बघावं लागतं. पण इथे सोपी खूण आहे: मांडवीला समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की भगवतीचा किल्ला उजवीकडे. फोटोत डावीकडे दिसला तर पालटा.

4000 डीपीआयला एक स्लाइड स्कॅन केली की साधारण 21 मेगापिक्सेल होतात. काहीही न दाबता, 16 बिटच्या टिफमध्ये ठेवली तर 130 एमबीच्या आसपास. सीडीवर पाच मावतात. डीव्हीडीवर छत्तीस, म्हणजे बरोबर एक रोल. हा हिशेब जमला तेव्हा मला उगाचच आनंद झाला. पण लिहिता येणाऱ्या साध्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा थर असतो, आणि ऊन-दमट हवा त्यालाही सोसत नाही. शिवाय तुमच्या लॅपटॉपला डिस्कची खाच आहे का बघा. म्हणून एक प्रत डिस्कवर, एक हार्ड डिस्कवर, आणि तिसरी पुण्याच्या मावसबहिणीकडे. वेगळं गाव मुद्दाम निवडलं. जानेवारी 2003मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि प्रभातच्या जुन्या नायट्रेट फिल्म्स एका दुपारीत गेल्या.

बुरशीपेक्षा मला घाई आहे ती मामीमुळे. मामा नाही आता. चौकटींवर फक्त फिल्म धुतल्याचा महिना छापलेला, नावं कुठेच नाहीत. मामी ब्याऐंशीची. सकाळी तिला सगळं आठवतं, संध्याकाळी कमी. म्हणून रविवारी सकाळी मी टीव्हीवर एकेक स्कॅन लावतो, फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवतो.

‘फेब्रुवारी 71’च्या एका स्लाइडमध्ये पडावातून उतरणारी एक बाई आहे, लुगडं पोटरीपर्यंत वर धरलेलं, तोंड पलीकडे.

“ही कोण गं?”

“अरे, मीच की! पहिल्यांदा आले तेव्हाची. चप्पल पाण्यात गेली होती माझी. तुझा मामा हसत फोटो काढत बसला, चप्पल नाही काढली.”

फाइलच्या नावात एवढं सगळं मावेना. नुसतं ‘मामी, चप्पल, 1971’ असं लिहिलं. अजून एकशे बारा आहेत.