बिब्ब्याची खूण

नागपुरातल्या इतवारीच्या जुन्या पेढ्यांवर खुर्च्या नसत. सराफ असो, धान्याचा अडत्या असो की कापडवाला, जमिनीवर सतरंजी, तिच्यावर गादी, गादीवर पांढरी चादर. गिऱ्हाईक चपला काढून वर यायचं. आमच्या आजोबांचं सतरंज्यांचं दुकान या बैठकांवरच चालायचं. पण विकलेली सतरंजी किती वर्षं टिकणार, हे असायचं वरठ्याच्या हातात.

विदर्भातल्या परटांना वरठी म्हणतात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरच्या ग्रंथात हे नाव नोंदलेलं आहे. भिजलेली मोठी सतरंजी घरच्या बायकांना हलत नाही, म्हणून ती वरठ्याकडेच जायची. तो नग मोजायचा आणि कोपऱ्यावर बिब्ब्याच्या रसानं घराची खूण घालायचा. कुणाचे दोन ठिपके, कुणाची फुली. चुन्याची निवळी लागली की ही खूण काळी, पक्की होते. साबणानं जात नाही, सोड्यानंही नाही. ज्याला अक्षर येत नव्हतं, त्यानं किती घरांचं कापड त्या ठिपक्यांवर चोख परत केलं!

आणि कसब केवढं! चादरी खारात भिजवून भट्टीवर वाफवायच्या. रंगीत सतरंजीला मात्र भट्टी वर्ज्य, कारण लाल पट्टा पांढऱ्यात उतरतो आणि सूत आटतं. आधी काठीनं बडवून कोरडी धूळ काढायची, मग गार पाणी, मग आडवी पसरून वाळवण. लोकरी गालिच्याला सोडा चालत नाही, रिठ्याचं पाणी लागतं. वैशाखात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. जड सतरंज्या धुवायचे ते दिवस. पावसाळ्यात जाणता वरठी त्या घेतच नसे, कारण आतून ओल राहिली की वास येतो, सूत कुजतं.

पुढे वरठ्यांच्या धुण्याच्या नाग नदीत शहराचं सांडपाणी आलं, पेढ्यांवर टेबल-खुर्च्या आल्या आणि हे काम मागे पडलं. १८७६ साली शेंडगावला परटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांपुढे आपण हात जोडतो. त्यांच्या जातभाईंचं हे ज्ञान मात्र फारसं कुणी लिहून ठेवलं नाही, याची मला फार खंत आहे.

आता फोन केला की गालिचे धुवायचं मशीन घेऊन पोरं घरी येतात. गिऱ्हाइकं मला विचारतात, गालिचा कुणाला द्यावा? मी सांगतो, वरठ्याच्या कसोटीवर माणूस पारखा. धुण्याआधी तो ओल्या पांढऱ्या फडक्यानं रंग तपासतो का? लोकर आणि सूत वेगळं धुतो का? वाळवतो कुठे, ती जागा दाखवतो का? नग, माप आणि आधीचे डाग लिहून पावती देतो का? उत्तरं टाळली, तर गालिचा देऊ नका. नीट दिली, तर दोन पैसे जास्त मागितले तरी घासाघीस करू नका. ते मोल जाणतेपणाचं आहे, आणि वरठ्यांना आपण ते कधी पुरतं दिलं नाही.