पेढीवरील ठेव आणि लोकांचा विश्वास

मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा पाया घालणाऱ्या पुरुषांत नामदार जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १८०३ सालचा. १८२२ साली वडिलांचे निधन झाले आणि ऐन तारुण्यात पेढीचा भार त्यांच्यावर आला. नानांची सचोटी अशी, की अरब व अफगाण व्यापारीदेखील आपले द्रव्य बँकेत न ठेवता त्यांच्या स्वाधीन करीत.

हीच पत पुढे लोककार्यास उपयोगी पडली. १८४० साली स्थापन झालेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनचे ते सदस्य झाले. उच्च शिक्षण केवळ इंग्रजीतून द्यावे, असा बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह होता. सामान्य जनतेपर्यंत ज्ञान पोचवायचे तर ते देशी भाषांतूनच दिले पाहिजे, असे नानांनी १८४७ साली निर्भीडपणे लेखी मांडले. स्त्रीशिक्षणास समाजाचा विरोध असतानाही त्यांनी कन्याशाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली. रेल्वेच्या उभारणीतही ते अग्रेसर होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, त्यामागे त्यांचेही परिश्रम होते.

२६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. नाना तिचे अध्यक्ष होते. प्रजेची गाऱ्हाणी या संस्थेने अर्जाद्वारे थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे नेली. व्यापारी नाना येथे राजकारणी झाले.

१८५७ च्या उठावात मात्र त्यांच्या निष्ठेविषयी सरकारला संशय आला. ज्याचे सारे आयुष्य विश्वासावर उभे, त्याला याहून कठीण प्रसंग तो कोणता? चौकशीअंती ते निर्दोष ठरले आणि १८६२ साली त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदे कौन्सिलात स्थान दिले. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे देहावसान झाले.

धन अनेकांनी मिळविले व दानही अनेकांनी केले. नानांचे वेगळेपण असे, की पेढीवरील ठेव ज्या दक्षतेने त्यांनी सांभाळली, त्याच दक्षतेने लोकांनी दिलेला अधिकारही सांभाळला. सार्वजनिक संस्थेचे विश्वस्तपद भूषविणाऱ्या प्रत्येकाने आपला हिशेब या कसोटीवर पडताळून पाहावा.