हिरकणी कक्ष आणि आठ आणे : मातृत्वाची किंमत कोणी मोजायची?

१/ १९ डिसेंबर २०२२. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन विधानभवनात आल्या. छायाचित्रे देशभर पोहोचली. विधिमंडळाच्या आवारात मातेने बाळाला पाजावे कोठे, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला आणि 'हिरकणी कक्ष' उभा राहिला. या प्रश्नाची मुळे मात्र शंभर वर्षे मागे, गिरणगावात सापडतात.

२/ १९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर प्रत्येकी सहा आठवड्यांच्या रजेचा करार संमत केला. ब्रिटिश हिंदुस्थानने तो स्वीकारला नाही. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा हजारो स्त्रिया राबत होत्या. तान्ह्या मुलांनी दिवसभर निजून राहावे म्हणून त्यांना अफूची 'बाळगोळी' चारली जाई.

३/ कामगारनेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतीलाभाचे विधेयक आणले. ते फेटाळले गेले. लढा मग प्रांतिक पातळीवर आला.

४/ जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात आसवले यांच्या विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. प्रसूतीच्या आगेमागे मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाला अधिक नफा दिसतो, म्हणूनच तो त्यांना ठेवतो. तेव्हा खर्चाचा काही वाटा त्याच्यावर टाकणे अन्यायाचे नाही, हेही त्यांनी बजावले.

५/ १९२९ मध्ये कायदा झाला. हिंदुस्थानातील हा या प्रकारचा पहिला कायदा. काही आठवड्यांची रजा आणि दिवसाला आठ आणे, असे त्याचे स्वरूप होते. ही रक्कम मात्र सर्वस्वी मालकाने द्यायची होती.

६/ येथेच मेख होती. पैसे वाचवायचे तर स्त्रियांना कामावरच न ठेवणे मालकांना सोयीचे होते. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घसरत गेले. रात्रपाळीवरील बंदी आणि कामाची नवी, कमी माणसांची पद्धत हीही त्यामागची मोठी कारणे होती. दोष एकट्या प्रसूती कायद्याचा नव्हे. परंतु रक्षणासाठी केलेला कायदा रोजगाराच्या मुळावर येऊ शकतो, हा धडा त्यातून मिळाला.

७/ या घसरणीला राजकीय बाजूही आहे. मुंबई प्रांतात स्त्रियांना १९२१ मध्ये मताधिकार मिळाला, पण त्याला मालमत्तेची व कराची अट होती. चाळीत राहणाऱ्या बहुतेक गिरणीकामगार स्त्रिया त्या अटीत बसत नव्हत्या. ज्यांच्या पोटाचा प्रश्न होता, त्यांना तो मांडणारा प्रतिनिधी निवडता येत नव्हता.

८/ स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने खर्चाचा भार सामायिक निधीवर टाकला. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली. २०१७ मध्ये पहिल्या दोन अपत्यांसाठी ती सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले.

९/ या साऱ्या कायद्यांच्या कक्षेबाहेर एक स्त्री राहिली : कायदे करणारी. आमदार ही कोणाची नोकर नसते, त्यामुळे १९६१ चा कायदा तिला लागू नाही. उलट, सभागृहाच्या परवानगीवाचून साठ दिवस गैरहजर राहिल्यास सदस्याची जागा रिक्त घोषित करता येते, असे संविधानाच्या अनुच्छेद १९० मध्ये म्हटले आहे. परवानगीची वाट मोकळी आहे. हक्क मात्र नाही.

१०/ २०१९ मध्ये महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांवर केवळ २४ स्त्रिया निवडून आल्या होत्या. २०२३ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईतील कक्षाच्या गैरसोयींबद्दल सरोज अहिरे यांनाच पुन्हा तक्रार करावी लागली. त्याच वर्षी विधानसभा व लोकसभेत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखणारी घटनादुरुस्ती झाली. तिची अंमलबजावणी जनगणना व मतदारसंघ पुनर्रचनेनंतर व्हायची आहे.

११/ राखीव जागेमुळे सभागृहाचे दार उघडेल. आत टिकून राहण्यासाठी रजा, पाळणाघर आणि सोयीच्या वेळा लागतील. रायगडाचा कडा उतरणाऱ्या हिरकणीचे आपण कौतुक करतो. पण दार बंद झाले होते म्हणून तिला कडा उतरावा लागला, हेही त्याच कथेत आहे. १९२८ चा प्रश्न आजही तोच आहे : ही किंमत एकट्या आईने मोजायची, की समाजाने वाटून घ्यायची?