हाकाऱ्यांची नातवंडे

वर्धा, वैनगंगा, प्राणहिता आणि इंद्रावती या नद्यांच्या पाण्यावर पोसलेला जुना चांदा मुलूख, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्हे, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजी अंमलाखाली आला, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे या अरण्यातील वाघाचे आणि येथील तरुणाचे नाते ज्या एका प्रथेने ठरवले, ती प्रथा म्हणजे हाका. साहेब अथवा संस्थानिक मचाणावर बसे. ढोल आणि डबे वाजवीत, आरोळ्या ठोकीत, अर्धचंद्राकार रांगेने रान तुडवीत वाघाला त्या मचाणाच्या दिशेने रेटण्याचे काम मात्र आसपासच्या गोंड-माडिया गावांतील माणसे करीत, थोड्याशा मजुरीवर आणि पुष्कळदा बेगारीतही. वाघ कोणत्या नाल्याने उतरेल, दुपारी कोणत्या बांबूच्या बेटात विसावेल, बगल देऊन निसटायचे ठरवले तर कोठून निसटेल, हे ज्ञान ज्याच्यापाशी होते तो निःशस्त्र रानात चाले. आणि ज्याच्या हाती बंदूक होती, त्याचेच नाव शिकारीच्या ग्रंथांत राहिले.

या विषमतेला कायद्याने आणखी एक पदर जोडला. १८७८ च्या वनकायद्यान्वये विस्तीर्ण अरण्ये राखीव झाली. आलापल्लीच्या सागवानाची गणना मौल्यवान सरकारी मिळकतीत झाली. आणि ज्या रानात पिढ्यान्पिढ्या जळण, बांबू, मोहफूल व चराई यांचा उपभोग चालत आला होता, तेथे ‘निस्तार’ या नावाखाली मर्यादित सवलत उरली, तीही हुकुमाच्या आणि परवान्याच्या अधीन. अरण्यात वाढलेल्या मुलाला सरकारदरबारी दोनच ओळखी शिल्लक राहिल्या: लाकूडतोडीच्या कूपातला मजूर किंवा वनगुन्ह्यातला आरोपी. त्या अरण्याचा जाणकार म्हणून त्याची नोंद करण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

वास्तविक जाणकारीची परंपरा येथे कायद्याहून प्राचीन होती. ताडोबा तलावाकाठी ज्या तारू देवाचे ठाणे आहे आणि पौष महिन्यात जेथे आदिवासी यात्रेला जमत आले, तो तारू लोककथेप्रमाणे एका गावचा प्रमुख होता व वाघाशी झुंजताना मृत्यू पावला. वाघाच्या हातून मेलेल्या माणसाला देवत्व देताना वाघाचाही द्वेष न करणारा हा समाज वन्यजीवनाकडे कोणत्या दृष्टीने पाहत असेल, याचे याहून बोलके प्रमाण शोधण्याची गरज नाही. त्याच तलावाच्या परिसरात १९३५ मध्ये शिकारीला बंदी झाली, १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य निर्माण झाले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प सिद्ध झाला. वाघाला अभय मिळाले, ही या देशाच्या इतिहासातील थोर गोष्ट होय. परंतु त्या अभयाची किंमत ज्या गावांनी चराई सोडून, वाटा सोडून आणि अखेर काही ठिकाणी घरेदारे सोडून चुकवली, त्यांच्या मुलांना या कार्यात स्थान देण्याचा विचार फार उशिरा सुचला.

तो विचार प्रथम सरकारी दप्तरात उमटला नाही. तो भामरागडच्या रानात उमटला. २३ डिसेंबर १९७३ रोजी समाजसेवक बाबा आमट्यांनी तेथील हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली, आणि त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश व स्नुषा डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे माडियांच्या शुश्रूषेला आयुष्य वाहिले. शिकारीहून परतणाऱ्या माडियांच्या खांद्यावरील मृत माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू पाहून प्रकाशरावांनी ते मागून घेतले. पोटासाठी शिकार करणाऱ्याला त्यांनी दूषण दिले नाही. अन्नाचा प्रश्न आधी ओळखून धान्य-कपड्यांचा मोबदला दिला. आणि पुढे तीच माणसे अनाथ पिल्ले आपण होऊन आणून देऊ लागली. १९७६ मध्ये सुरू झालेल्या तेथील आश्रमशाळेतली मुले बिबटे, अस्वले आणि हरणे यांच्या सहवासात शिकली. भुकेल्या घराला करुणेचा उपदेश पोहोचत नाही, पण भूक शमली की करुणा तेथे आधीपासूनच नांदत असते, हा हेमलकशाचा धडा आहे.

दुसरा धडा धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गावाने दिला. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रेरणेने तेथील ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेऊ लागली, आणि निर्णयापूर्वी विषय समजून घेण्यासाठी तिने अभ्यासगटाची पद्धत रूढ केली. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. ज्या परवान्यापुढे आजोबा हात जोडून उभे राहत, तो परवाना नातू लिहू लागला. आणि जे रान आपल्या सहीने राखायचे आहे, त्यातील पाखराचा व श्वापदाचा हिशेबही आपलाच, ही भावना अशा अधिकारातूनच रुजते.

गडचिरोलीतील गिधाडांची हकीकतही याच मार्गाने जाते. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाई व त्याची मूत्रपिंडे निकामी होत. नव्वदच्या दशकापासून हा पक्षी देशभर झपाट्याने नाहीसा झाला. २००६ मध्ये पशूंसाठी त्या औषधावर बंदी आली. पण वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याची हानी एका हुकुमाने भरून निघत नाही. वनखात्याने गिधाडांसाठी सुरक्षित भक्ष्याची ‘उपाहारगृहे’ उभारली आणि गावांतील तरुणांना ‘गिधाड मित्र’ म्हणून जोडून घेतले. मेलेल्या गुराची वार्ता आणणे, घरट्यांवर नजर ठेवणे, पिल्लू उडेपर्यंत त्या झाडाचा पिच्छा न सोडणे हे काम शहरातून आलेल्या पाहुण्याच्या आवाक्यातले नाही. ते ज्याचे घर तेथेच आहे त्यालाच साधते.

ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा आदी प्रवेशद्वारांवर आज स्थानिक तरुण, आणि त्यांच्या बरोबरीने तरुणीही, गाइड म्हणून उभे आहेत. भोवतालच्या गावांत, पहाटे मोहफुले वेचण्यास वाकलेल्या माणसावर वाघ झडप घालण्याचे प्रसंग जेथे घडतात तेथे, जमाव आवरणे, वाघाची वाट मोकळी ठेवणे आणि वनखात्याला तत्काळ वर्दी देणे यासाठी गावच्याच तरुणांची पथके झटतात. तिकडे त्यांना पीआरटी (प्रायमरी रिस्पॉन्स टीम, म्हणजे प्राथमिक प्रतिसाद पथक) म्हणतात. शोकाकुल आणि संतप्त गावापुढे उभे राहून वाघाच्या प्राणांची रदबदली करणारा हा तरुण अनेकदा त्याच गावचा भाऊबंद असतो. असे धैर्य वेतनातून उत्पन्न होत नाही, परंतु वेतनावाचून ते दीर्घकाळ टिकणेही संभवनीय नाही.

म्हणून या इतिहासाकडे पाहताना समाधानापेक्षा कर्तव्याची जाणीव अधिक व्हावी. हाकाऱ्याचा नातू गाइड झाला, हे मोठे स्थित्यंतर खरे. पण हाक्याच्या काळी जसे ज्ञान त्याचे आणि निर्णय दुसऱ्याचा होता, तसेच आजही पुष्कळ ठिकाणी आहे. चंद्रपूर शहरातच राज्याची वन अकादमी आहे, जेथे अधिकारी घडवले जातात. मोहर्लीची मुलगी आणि भामरागडचा माडिया मुलगा त्या वर्गात प्रशिक्षणार्थी म्हणून, आणि कालांतराने अध्यापक म्हणूनही, मोठ्या संख्येने बसू शकतील अशी शाळा, शिष्यवृत्ती आणि भरती यांची व्यवस्था लावणे, हे वाघ राखण्याच्या कार्याचेच अविभाज्य अंग आहे. ज्यांच्या पूर्वजांनी या अरण्याची प्रत्येक वाट पायांनी मोजली, त्यांच्या हाती त्या वाटांचा नकाशा आखण्याचा अधिकार देणे हा कोणाचा उपकार ठरणार नाही. ते दीर्घकाळ थकलेले ऋण आहे, आणि त्याची फेड झाल्यावाचून या अरण्याचे रक्षण कोणत्याही कायद्याला पेलणार नाही.