ग्रामीण मलव्यवस्थेचे शासकीय धोरण : केदारखेड्याच्या संदर्भात

भूमिगत गटारांचे जाळे जेथे नाही व नजीकच्या काळात होण्यासारखेही नाही, तेथे मैल्याची विल्हेवाट घराच्या आवारातच लावावी लागते. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील केदारखेडा हे अशाच असंख्य गावांपैकी एक. अशा गावांच्या मलव्यवस्थेकडे शासनाने कोणत्या दृष्टीने पाहिले, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे. महाराष्ट्रात ह्या धोरणाचा आरंभ ‘मैला कोणी उचलावा’ ह्या प्रश्नाने झाला. पुढे ‘संडास किती बांधले’ ह्या मोजदादीने त्याची जागा घेतली. आणि सुमारे साठ वर्षांनी मूळ प्रश्न पुन्हा समोर येऊन उभा राहिला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम मिळावे म्हणून आग्रह धरला, व त्यांच्या समर्थनार्थ येरवड्यास गांधीजींनीही उपोषण आरंभिले. स्वातंत्र्यानंतर कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेबांनी मैल्याचे सोनखत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले. संडासाची रचनाच अशी असावी की दुसऱ्या माणसाला ताजा मैला हाताळावा लागू नये, हे त्यांचे सूत्र होते. 1949 मध्ये मुंबई सरकारने सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी वि. ना. बर्वे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 1952 मध्ये सादर झाला, व 1955 मध्ये केंद्र सरकारने त्यातील शिफारशींकडे सर्व राज्यांचे लक्ष वेधले. 1957 मध्ये नेमलेल्या मलकानी समितीने 1960 मध्ये हाच विषय अखिल भारतीय पातळीवर मांडला.

तथापि ह्या सर्व विचाराचा रोख मुख्यतः नगरपालिकांवर होता. शिवाय बर्वे समितीचे काम चालू असता केदारखेडा मुंबई राज्यात नव्हतेच; ते हैदराबाद राज्यात होते, व मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला तो 1956 मध्ये. मराठवाड्याच्या खेड्यांत टोपलीचे संडास सहसा नव्हते. गावाबाहेरची गोदरी हीच तेथील मलव्यवस्था होती. साहजिकच मैला वाहण्याचा प्रश्न येथे कोणास जाणवला नाही, आणि तो जाणवला नाही म्हणून सुटलेला मानला गेला.

खेड्यांपर्यंत शासन पोहोचले ते पुढे. केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम 1986 मध्ये सुरू झाला. त्याचा भर अनुदानातून संडास बांधण्यावर होता. बांधलेल्या पुष्कळ संडासांचा उपयोग सरपण व कडबा ठेवण्यास झाला. ह्या अनुभवातून 1999 चे संपूर्ण स्वच्छता अभियान आणि महाराष्ट्रात 2000-01 चे संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान जन्मास आले. गावांची स्पर्धा, निर्मल ग्राम पुरस्कार, पहाटे फिरणारी ‘गुडमॉर्निंग पथके’ ह्यांनी संडास बांधण्याइतकेच तो वापरण्यालाही महत्त्व आणले. 2014 च्या स्वच्छ भारत अभियानाने पात्र कुटुंबास 12,000 रुपये प्रोत्साहन दिले, आणि एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. ही कामगिरी लहान नव्हे. विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने तिचे मोल मोठे आहे.

परंतु मोजदाद झाली ती भांड्याची व भिंतींची. जमिनीखालच्या खड्ड्याची नव्हे. शासनाने शिफारस केली होती ती दोन शोषखड्ड्यांच्या संडासाची. त्यात एक खड्डा भरला की दुसरा वापरावयाचा, व पहिल्यातील मैल्याचे दीड-दोन वर्षांत खत होऊ द्यावयाचे. लोकांचा ओढा मात्र मोठ्या एकाच खड्ड्याकडे किंवा सेप्टिक टाकीकडे राहिला. त्याचे एक कारण भूमीत आहे: काळ्या चिकण जमिनीत पाणी मंद जिरते, आणि खाली काळा पाषाण लागला की खोदकाम महागते. दुसरे कारण समाजात आहे. खड्डा उपसणे हे आपले काम नव्हे, ही जुनी समजूत टिकून असल्याने आपल्या हयातीत न भरणारा खड्डा लोकांना हवा असतो.

असा खड्डा कधी तरी भरतोच. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. शोषखड्डा नसेल तर तिचे पाणी उघड्या नालीत येते. सुरक्षा-साधनांशिवाय टाकीत माणूस उतरविणे 2013 च्या कायद्याने निषिद्ध ठरले. 2014 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने अशा कामात मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. 2023 मध्ये ही रक्कम तीस लाख झाली. रक्कम वाढवावी लागली, ह्यातच निषेधाची मर्यादा दिसते. 2017 च्या राष्ट्रीय धोरणाने मैलागाळाच्या व्यवस्थापनास प्रथमच स्वतंत्र स्थान दिले. पण ते शहरांपुरते होते. वाई व सिन्नर ह्या नगरपालिकांनी ठरलेल्या क्रमाने टाक्या उपसण्याची पद्धत सुरू केली. ग्रामीण भागात हा विषय आला तो 2020 मध्ये, स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात.

येथे वर्तुळ पूर्ण होते. 1952 मध्ये टोपलीविषयी विचारलेला प्रश्न आज टाकीविषयी विचारावा लागतो. तेव्हा केदारखेड्यासारख्या गावी तो लागू नव्हता; आता तेथेही खड्डे आहेत, म्हणून तो लागू आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात संडासाच्या नोंदीपुढे खड्ड्याचा प्रकार, तो केव्हा व कोणत्या साधनाने उपसला आणि मैला कोठे नेला, हे रकाने पडतील तेव्हाच बर्वे समितीचा विषय खेड्यापर्यंत पोहोचला असे म्हणता येईल.